एकट्याने केलेली गोल्फ ट्रिप: कशी ठरवलीत, कुठे अडलात, काय जमलं? (अनुभव धागा)

माळावरचा

नमस्कार मंडळी. आमचा चौघांचा ग्रुप होता, दर फेब्रुवारीत चार दिवस कुठेतरी गोल्फ खेळायला जायचो, बारा वर्षं एकदाही चुकवलं नाही. मग एकजण मुलाकडे अमेरिकेत स्थायिक झाला, एकाचे दोन्ही गुडघे बदलले, आणि तिसरा दीड वर्षापूर्वी गेलाच. त्यानंतर माझी बॅग माळ्यावर जी चढली ती उतरेना. शेवटी बायकोच म्हणाली, अहो एकटे जा की, कोण अडवतंय. मला पटत नव्हतं, हा खेळच चौघांचा असं डोक्यात बसलेलं. क्लबात एकटं गेलं की स्टार्टर (पहिल्या होलवर खेळाडूंना सोडणारा माणूस) विचारतोच, "साहेब, बाकीचे?" पूर्वी तर गोल्फच्या शिष्टाचारातच लिहिलेलं असायचं की एकट्या खेळाडूला कोर्सवर काही स्थान नाही, मागून कुणीही आलं तरी त्याने वाट सोडायची. ते कलम कधीच गेलं पण मनातून जायला वेळ लागतो.

तरी गेलो, श्रीलंकेला. अठरा होलचे कोर्स तिथे मोजकेच आहेत त्यामुळे ठरवायला सोपं. आधी एका टूरवाल्याकडून पॅकेज मागवलं तर सगळे भाव डबल शेअरिंगचे, एकट्याचं म्हटल्यावर रक्कम जवळजवळ दीडपट झाली. पॅकेज सोडलं, खोल्या स्वतः बुक केल्या आणि तिन्ही क्लबांना स्वतः मेल केली. मेलमध्ये एवढंच लिहिलं: मी एकटा आहे, हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा) १९, सकाळी सात ते अकरा कधीही चालेल, कुठल्याही फोरबॉलमध्ये (चौघांच्या गटात) जागा असेल तिथे घाला. या "कधीही चालेल, कुठेही घाला"ने काम झालं. ग्रुप असताना आम्ही एका टी टाइमसाठी (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेसाठी) आठ-आठ दिवस फोन करायचो, आणि इथे तिन्ही ठिकाणांहून दोन दिवसांत हो आलं!

रॉयल कोलंबो क्लब १८७९ चा, कोर्समधून चक्क रेल्वेलाइन जाते, गाडी आली की थांबायचं. मला तिथले दोन मेंबर मिळाले, एक रिटायर्ड डॉक्टर आणि त्यांचा मुलगा. तिसऱ्या होलपर्यंत परकेपणा होता, नंतर गेला, आणि राउंड संपल्यावर जेवल्याशिवाय सोडलं नाही. मग ट्रेनने नानू ओयापर्यंत आणि तिथून नुवारा एलिया. १८८९ चा क्लब, अगदी गावाच्या मधोमध, अठराशे मीटरच्या वर, थंडी आणि अरुंद फेअरवे (होलकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा). त्या दिवशी धुकं होतं, कुणीच आलं नव्हतं, मी आणि कॅडी (बॅग उचलणारा, वाट सांगणारा सोबती) दोघंच. एका होलवर लांबचा पुट (बॉल जमिनीवरून होलमध्ये ढकलायचा फटका) पडला आणि मी सवयीने मागे वळून बघितलं, आमचा तो गेलेला मित्र प्रत्येक लांब पुटवर ओरडायचा. कॅडीला काय कळलं कोण जाणे, तो फ्लॅग धरून शांत उभा राहिला. नंतर कँडीजवळ व्हिक्टोरिया धरणाच्या काठचा कोर्स खेळलो, सगळ्यात सुंदर तोच, पण माझी ट्रिप त्या धुक्यातल्या राउंडमध्येच झाली होती.

तर मंडळी, तुम्ही लिहा. कुठे गेलात, टी टाइम कसा मिळवला, कुणाबरोबर खेळलात, संध्याकाळी काय केलंत, पैसे कुठे वाचले कुठे गेले, सगळं चालेल.

केतकीबन

दादा, वाचून गलबलून आलं. मी इंग्लंडमध्ये नऊ वर्षं आहे, गोल्फ इथेच शिकले, आणि मागच्या जूनमध्ये एकटी सहा दिवस स्कॉटलंडला जाऊन आले. जरा मोठं लिहितेय कारण सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स (गोल्फमधलं नावाजलेलं जुनं मैदान) एकट्याला मिळत नाही असं अजून बरेच लोक समजतात आणि ते खरं नाही.

गाडी चालवायची नव्हती म्हणून सगळं ट्रेनच्या हिशोबाने ठरवलं. पहिले दोन दिवस एडिंबराजवळ नॉर्थ बेरिकला. एडिंबराच्या वेव्हर्ली स्टेशनहून अर्ध्या तासाची ट्रेन, स्टेशनवरून बॅग खांद्यावर टाकून चालत कोर्सवर. तिथल्या तेराव्या होलला ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) अलीकडे जुनी दगडी भिंत आहे, बॉल भिंतीला चिकटला तर भिंत हलवत नाहीत, तुम्ही मागे खेळायचं. मला दोन ज्येष्ठ बायका मिळाल्या, एकीने प्रत्येक होलवर वारा कुठून येतोय ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं, पण माझे निदान पाच शॉट वाचले.

मग सेंट अँड्र्यूज. ट्रेन लूकर्सपर्यंत, पुढे बस. ओल्ड कोर्सचं नेहमीचं बॅलट (टी टाइमची सोडत) असतं ते दोन किंवा जास्त जणांसाठी. एकटे आलेले लोक आधी रात्री-अपरात्री उठून, थंडीत पॅव्हिलियनबाहेर रांगेत बसायचे, सकाळी जिथे तिघंच असतील तिथे चौथा म्हणून घुसायचे. २०२४ पासून ती रांग बंद झाली आणि एकट्यांसाठी रोजचा ड्रॉ आला. आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव द्यायचं, हँडिकॅपचा पुरावा दाखवायचा, संध्याकाळी निकाल कळतो. स्वतः जावं लागतं हे लक्षात ठेवा, घरबसल्या होत नाही, म्हणजे गावात मुक्काम हवा. आणि रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद, त्यामुळे तुमच्या दिवसांत रविवार येत असेल तर तो हिशोबातून काढा. मी चार रात्री ठेवल्या होत्या.

पहिल्या संध्याकाळी नाही. दुसऱ्या संध्याकाळी नाही. पण ते दिवस वाया गेले नाहीत, एक दिवस तिथलंच ज्युबिली कोर्स खेळले, एक दिवस न्यू. नावाला न्यू, पण तेही १८९५ चं. एकट्याला तिथे जागा मिळणं त्यामानाने सोपं. आणि संध्याकाळी हिमालया! हो, तिथे पुटिंगचं एक मोठं खालीवर मैदान आहे त्याला हिमालया म्हणतात, १८६७ पासूनचा बायकांचा पुटिंग क्लब आहे त्यांचं. थोडे पैसे भरून कुणीही खेळू शकतं, आजीआजोबा, लहान मुलं, सगळी. एकटीने हॉटेलच्या खोलीत बसण्यापेक्षा दोन्ही संध्याकाळी मी तिथेच होते, दहापर्यंत उजेड असतो जूनमध्ये.

तिसऱ्या संध्याकाळी माझं नाव आलं. बसस्टॉपवर उभी होते, आईला पुण्याला फोन केला तेव्हा तिथे मध्यरात्र झालेली, ती घाबरून उठली की काय झालं, मी रडत होते. दुसऱ्या दिवशी एक कॅनडाचे वडील आणि त्यांची दोन मुलं, त्यांच्यात मी चौथी. पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारतात ती जागा) लोक बघत उभे असतात, पाय लटपटतात, पण पहिला आणि अठरावा फेअरवे एकमेकांना लागून असल्यामुळे समोर इतकी रुंद जागा आहे की मारा बिनधास्त. सतराव्या होलला टीवरून हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारायचं, तिथे मला सात फटके लागले. स्विल्कन पुलावर त्या वडिलांनी माझा फोटो काढला आणि म्हणाले आता आमच्यात ये, मग पाचवा माणूस शोधून सगळ्यांचा एक काढला.

पैशाचं सांगते: गोल्फ स्वस्त नाहीच, राहण्यात वाचवा. उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याने देते, त्या मुळात एकट्याच्याच असतात त्यामुळे सिंगलचा जादा भुर्दंड नाही, नाश्ता पण मिळाला.

घाटमाथा

केतकीबन, हँडिकॅपचा पुरावा म्हणजे नक्की काय लागतं? मी पुण्यात क्लबचा मेंबर आहे पण बहुतेक वेळा पहाटे एकटाच खेळतो.

केतकीबन

तुमच्या क्लबने दिलेला आत्ताचा हँडिकॅप इंडेक्स, अ‍ॅपवर दिसतो तो किंवा क्लबचं पत्र. पण एकट्याने खेळलेला स्कोअर हँडिकॅपसाठी धरत नाहीत, बरोबर निदान एकजण तरी हवा. त्यामुळे ट्रिपच्या दोन-तीन महिने आधीपासून कुणाबरोबर तरी खेळून कार्डं भरायला घ्या.

वैनगंगा

मी थायलंडला हुआ हिनला गेलो होतो, पाच दिवस, वय ३१, लग्न नाही आणि मित्रांपैकी कुणी गोल्फ खेळत नाही त्यामुळे एकट्याने जाण्यावाचून माझ्यापुढे दुसरा पर्यायच नाही, तसंच जायचं असतं. तिथे प्रत्येक खेळाडूला कॅडी घ्यावीच लागते आणि बहुतेक सगळ्या बायका असतात, त्यामुळे एकटे असलात तरी कोर्सवर एकटे नसता. रॉयल हुआ हिन १९२४ चं, थायलंडमधलं पहिलं मोठं कोर्स, रेल्वेस्टेशनच्या अगदी मागे, ट्रेनमधून उतरून पहिली टी बघितली मी. माझ्या कॅडी मावशी त्या कोर्सवर वीसेक वर्षं होत्या. पहिल्या तीन ग्रीनवर मी माझंच खरं करत होतो, चुकत होतो, चौथ्यापासून त्या बोट दाखवतील तिथे मारलं आणि त्या दिवशी माझे आयुष्यातले सगळ्यात कमी पुट झाले. भाषा दोघांनाही येत नव्हती, "लेफ्ट, टू कप" (म्हणजे होलच्या डावीकडे दोन होलांच्या रुंदीइतकं) एवढ्यावर अठरा होल झाले. टिप हातात द्यायची असते, मी ४०० बाट दिले, हे बजेटमध्ये आधीच धरा, ग्रीन फी आणि कॅडी फीच्या वर.

एक चूक झाली. शनिवारी एका कोर्सवर न विचारता गेलो, तिथे वीकेंडला एकट्याला घेत नव्हते, निदान दोघं हवेत म्हणाले. परत यायला टॅक्सीचे पैसे गेले आणि दिवस गेला. तेव्हा एकट्याने जाणाऱ्यांनी सोमवार ते शुक्रवार खेळावं आणि शनिवार-रविवार बाजार, समुद्र, झोप. ऊन पण फार असतं, सकाळी साडेसहाची वेळ मागा.

लोखंडी पाच

फक्त सामानाबद्दल लिहितो कारण त्यात हात पोळलेत. एका प्रवासात बॅग उघडली तर ड्रायव्हरचा (लांब मारायच्या सगळ्यात मोठ्या स्टिकचा) दांडा मधून तुटलेला, आणि ग्रुप नाही म्हणजे कुणाचा मागून घ्यायचा प्रश्नच नाही. आता ड्रायव्हरचं डोकं पान्याने काढून मोज्यात गुंडाळतो, ट्रॅव्हल कव्हरमध्ये सगळ्यात उंच क्लबपेक्षा (इथे क्लब म्हणजे खेळायची स्टिक) उंच अशी एक मजबूत काठी उभी घालतो म्हणजे वरून दाब आला तर काठी घेते. कपडे क्लबच्या डोक्यांभोवती. क्लब केबिनमध्ये नेता येत नाहीतच, त्यामुळे तिकीट काढतानाच बॅगेचं वजन आणि खेळाच्या सामानाचे पैसे विचारून भरून टाका, काउंटरवर महाग पडतं. बूट, ग्लव्ह आणि तीन-चार बॉल मात्र हातातल्या बॅगेत. मोठी बॅग आली नाही तरी क्लब भाड्याने मिळतात, तुमच्या मापाचे बूट मिळतीलच असं नाही. चारच दिवस जाणार असाल तर माझं स्पष्ट मत, फक्त पटर (पुट मारायची स्टिक) आणि वेज (जवळून उंच मारायची) न्या, बाकी भाड्याने घ्या. एकट्या माणसाला टॅक्सीत, ट्रेनमध्ये, जिन्यावर सगळं स्वतः उचलायचं असतं.

रानजाई

मी नाशिकची, वय ५८. मुली मोठ्या झाल्या, यांना गोल्फमध्ये रस नाही. परदेशात एकदम एकटं जायची हिंमत नव्हती म्हणून आधी खारघरला सिडकोच्या कोर्सवर एक दिवस गेले, तिथे मेंबर नसलं तरी पैसे भरून खेळता येतं, अनोळखी लोकांबरोबर खेळायची भीती तिथे मोडली. मैत्रिणींनो, पहिली पायरी अशी जवळची घ्या. आपल्याकडे बरेच क्लब फक्त मेंबर आणि त्यांच्या पाहुण्यांना घेतात, सैन्याच्या कोर्सचे नियम वेगळेच, त्यामुळे फोन केल्याशिवाय निघू नये.

मग कोडाईकनाल. १८९५ चा क्लब, गावापासून थोडा बाहेर, चढउतार भरपूर आणि हवा अशी की अठरा होल चालून दम लागला पण थकवा नाही. मी आधी पत्रच लिहिलं होतं, एकटी बाई आहे, ओळखीची कॅडी किंवा वयस्कर कॅडी द्या. त्यांनी साठीचे एक अण्णा दिले. अकराव्याच्या आसपास फेअरवेवर गवे आले, सहा होते, एक पिल्लू. अण्णांनी मला झाडामागे उभं केलं, बोलू दिलं नाही, वीस मिनिटं आम्ही तसेच. मागच्या ग्रुपलाही त्यांनी हातानेच थांबवलं. इतक्या जवळून इतकं मोठं जनावर शांतपणे चरताना मी पहिल्यांदा बघितलं, कार्डावर त्या होलला मी आकडा न लिहिता गवा काढून ठेवलाय.

संध्याकाळचं विचारलंत ना दादा, तेच मला सगळ्यात अवघड गेलं. दिवसा कोर्सवर काहीच वाटत नाही, पण रात्री जेवायच्या टेबलावर समोरची खुर्ची रिकामी असते ती टोचते. दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन बसायला लागले, दिवसभरातला प्रत्येक होल लिहून काढायचा. जेवण थंड होतं पण खुर्चीकडे लक्ष जात नाही. आणि रोज रात्री नऊला घरी फोन, उद्या कुठे, कुठली टॅक्सी, कुठला नंबर. अंधार पडल्यावर नव्या गावात पोचेल असा प्रवास ठेवला नाही, त्यासाठी मदुराईला एक रात्र जास्त काढली.

माळावरचा

रानजाई ताई, वही सुरू केली, तुमचं वाचल्याच दिवशी आणली.

हा धागा काल आमच्या गुडघेवाल्या मित्राला वाचून दाखवला. तो चालू शकतो पण स्विंग करायला डॉक्टरांची परवानगी नाही. केतकीबनने रविवारी ओल्ड कोर्स बंद असतं लिहिलंय तिथे त्याने मला थांबवलं, म्हणाला रविवारी तिथे गावातले लोक फिरायला येतात ना, कुत्री घेऊन, मुलं घेऊन? मी म्हटलं हो, कोर्सवर कुणीही चालू शकतं त्या दिवशी. म्हणाला मग मी चालेन, पूल बघेन, तू सोमवारपासून ड्रॉमध्ये नाव दे.

केतकीबन, त्या युनिव्हर्सिटीच्या खोल्या मे महिन्यात मिळतील का?

केतकीबन

मे नाही दादा, तेव्हा मुलं असतात. जूनपासून बघा, आणि दोघं असाल तर शेजारच्या दोन खोल्या मागा. मित्राला सांगा वारा फार असतो, कानटोपी हवीच.