घरचा बार: कॉकटेल, लिक्युअर आणि तुमचे अनुभव

सिंहगडरोडी
काल बोहरी आळीत पुरणयंत्राची जाळी शोधत होतो. दुकानदाराने वरच्या फळीवरून खोकं उतरवलं, त्यात एक स्टीलचा शेकर निघाला आणि एकदम धाकटा काका आठवला. नारायण पेठेतल्या वाड्यात तो हॉर्लिक्सच्या रुंद तोंडाच्या बाटलीत ओल्ड मंक, लिंबू, साखर, बर्फ घालायचा आणि बाटली पंच्यात गुंडाळून खडाखडा हलवायचा. खालून आजी विचारायची, "ताक करतोयस का रे?" हा वरून "हो". डाकिरी हे नाव त्याच्या गावीही नव्हतं. क्यूबात पांढरी रम घेतात, एवढाच काय तो फरक.

आता मी घरी करतो. ६० मिली रम, ३० लिंबाचा रस, २० साखरेचा पाक (साखर-पाणी समसमान) असं पुस्तकी प्रमाण. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून मी २५ वरच थांबतो. बर्फात मात्र कंजुषी नको, शेकर भरून घाला. थोडा घातला तर तो भराभर वितळतो आणि हाती पाणचट सरबत येतं. लिंबू-रसाची पेयं शेकरमध्ये हलवायची, नुसत्या दारवांची (निग्रोनी वगैरे) चमच्याने ढवळायची.

लिक्युअरबद्दल (गोड, स्वादाची दारू) माझं ठाम मत: लोक हौसेने सहा-सात बाटल्या आणतात आणि त्या कपाटात चिकट होऊन बसतात. एक संत्र्याची, एक कॉफीची, बास. संत्र्याची घ्यायची तर क्वान्त्रो, ४० टक्के आहे, नुसता साखरेचा पाक नाही. निळी क्युरासाव डोळे मिटून प्या, संत्रंच लागेल, निळा फक्त रंग. त्यापेक्षा ते पैसे लिंबं आणि बर्फावर घाला.

तुमचे अनुभव येऊ द्या. फसलेले आधी.

कोकमवाली
जिन ६०, कोकम आगळ १५, पाक १५, वर सोडा. आगळात मीठ असतंच, ग्लासच्या काठाला परत लावू नका. एका पाहुण्यांनी हौसेने लावलं आणि रात्रभर पाणी पीत बसले.

अर्धापेग
कांपारी, कडवट चवीची दारू. पहिला घोट म्हणजे आजीचा किराईत काढा. मित्राला म्हटलं घेऊन जा ही बाटली. नंतर त्याच्याच घरी निग्रोनी प्यायलो (जिन, कांपारी, गोड व्हर्मूथ समसमान, वर संत्र्याची साल) आणि आता ती बाटली परत कशी मागू या विचारात आहे.

निवांतकाका
तरुण मंडळींना आठवण: आपल्याकडे परवाना लागतो, आणि बीअर-वाइन सोडून बाकीच्याला वय २५ पूर्ण. १९४९ चा कायदा आहे. दुकानात एक दिवसाचा मिळतो.

अर्धापेग
काका, इथे बहुतेकांची पोरं २५ ची झालीत 😄

निवांतकाका
मग पोरांना सांगा.

तिसरामजला
अर्धापेग, मित्राकडचं व्हर्मूथ कपाटात आहे का फ्रीजमध्ये? ती वाइनच असते. उघडल्यावर बाहेर ठेवली की महिन्याभरात उतरते. बऱ्याच जणांची निग्रोनी तिथे बिघडते आणि बोल कांपारीला.

मीच_ती
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. भाच्याने गटारीला बेलीजमध्ये (दुधाच्या सायीची लिक्युअर) लिंबू पिळलं. "फ्रेश लागेल" म्हणे. ग्लासात पनीर!! वर त्याने चमच्याने खाऊनही बघितलं.

चक्काप्रेमी
मीच_ती, ते पनीर लोक मुद्दाम करतात बरं का. मिल्क पंच. इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकापासून चालत आलेला प्रकार.

कोरा चहा जरा कडक करून गार करायचा. त्यात रम, लिंबाचा रस, साखर, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. दुसऱ्या पातेल्यात कोमट दूध. आंबट मिश्रण दुधात ओतायचं, दूध मिश्रणात नाही, नाहीतर चोथा नीट बसत नाही. फाटू द्या, चमचा घालून ढवळाढवळ करू नका. अर्ध्या तासाने सुती फडक्यातून गाळायचं. पहिली धार गढूळ येते, ती परत त्याच चोथ्यावर ओतायची. दोन-तीनदा असं केलं की थेंब पडायला लागतात, पिवळसर आणि आरपार. चहाचा तुरटपणा आणि रमचा भडकपणा दुधातलं प्रथिन धरून ठेवतं, खाली येतं ते मऊ. बाटलीत भरून फ्रीजमध्ये छान टिकतं.

आमच्याकडे फडकं सिंकच्या नळाला टांगलेलं. सासूबाई येऊन म्हणाल्या, "आज चक्का? उद्या काय आहे?" मी खरं सांगितलं. त्यांनी वाटीत चमचाभर घेतलं, "वेलदोडा हवा होता" म्हणाल्या आणि गेल्या. आता वेलदोडा घालते. बरोबर होतं त्यांचं.

कोकमवाली
सासूबाई 🙏🙏 त्यांना इथे आणा.

मीच_ती
आणि ते फडकं वेगळं ठेवतेस ना तै? पाडव्याच्या श्रीखंडाला रमचा वास...

अर्धापेग
असं श्रीखंड कुठे मिळेल? विचारतोय मित्रासाठी.

तिसरामजला
चक्का कुठला आणता पण? घरचा का विकतचा?

चक्काप्रेमी
घरचाच. म्हशीच्या दुधाचं दही, रात्रभर टांगून. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये चाळणीवर, बाहेर आंबतो. मिल्क पंचलाही म्हशीचं चालतं, चोथा जास्त निघतो इतकंच.

घाटावरचा_गोंयकार
एवढं सगळं लिहिलंत आणि फेणी नाही? काजू फेणीला २००९ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे. त्याआधीचा उर्राक मार्च ते मेच, पहिल्या उकळीचा, हलका. लिम्का, चिरलेली हिरवी मिरची, मीठ. शेकर-बिकर काही लागत नाही. पुण्यात आणून मैत्रिणींना दिला, वासानेच निम्म्या पळाल्या. उरल्यात त्या खऱ्या.

निवांतकाका
घरी भट्टी लावायचे उद्योग मात्र कोणी करू नका. गुन्हा आहे आणि मिथेनॉलने डोळे जातात.

घाटावरचा_गोंयकार
काका, विकत आणतो हो.

पाणीपीतो
मी घेत नाही, पण पार्टीत बार माझ्याकडेच असतो कारण हात थरथरत नाही 😀 थरांचं कॉकटेल बी-५२: कालुआ (कॉफीची लिक्युअर) खाली, मध्ये बेलीज, वर ग्राँ मार्निए (संत्र्याची). साखर जास्त ती जड, म्हणून हा क्रम. चमच्याची पाठ ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवून सावकाश सोडायचं. कोणीतरी "वा!" म्हणतं आणि एका घोटात संपवतं. वाईट वाटतं. चकणा म्हणून बुधानीचे वेफर्स असतील तर माझी मजुरी वसूल.

तिसरामजला
वेफर्स +१. पण कॅम्पात गाडी लावायची कुठे?

सिंहगडरोडी
रिक्षाने जा. प्यायचं असेल तर येतानाही.

आंबटशौकीन
उशिरा आले. अमारेत्तो लिक्युअर बदामाची म्हणून नवऱ्याने आणली, दिसारोन्नो ब्रँडची. त्यात बदाम नसतातच, जर्दाळूच्या बीचा गर असतो. बदामाचा वास येतो तो त्याचा. त्याला सांगितलं तर दोन दिवस घुश्शात. लिंबाच्या रसाबरोबर मात्र सुरेख लागते, नुसती फार गोड.

घरी करायची असेल तर लिमोनचेलो (लिंबाच्या सालीची लिक्युअर) सर्वांत सोपी. मंडईतून जाड सालीची, डाग नसलेली लिंबं. साल-काढणीने फक्त वरचा पिवळा पापुद्रा, पांढरं आलं की कडू. काचेच्या बरणीत व्होडकात बुडवून अंधारात. साल फिकी पडून कुरकुरीत झाली की गाळा, गार पाक घाला, फ्रीजरमध्ये ठेवा.

कोकमवाली
इडलिंबाची चालेल? आमच्या सोसायटीत झाड आहे, कोणी विचारत नाही त्याला.

आंबटशौकीन
चालेल की! वास जास्तच चांगला. मलाही चार ठेव.

मीच_ती
आणि सोललेल्या लिंबांचं काय करता? माझी फ्रीजमध्ये दगड झाली.

आंबटशौकीन
त्याच दिवशी रस काढून बर्फाच्या ट्रेत. डाकिरीला, वरणाला, कशालाही. कुकर झाला का तुझा?

मीच_ती
अगंबाई