एअर रायफल रेंजवर पालकांनी, पोरांनी कसं वागायचं? कुणी चुकत असेल तर सांगावं का?

निपाणीची_आई
नमस्कार सगळ्यांना. माझा मुलगा आठवीत आहे, २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं तेव्हापासून पोराच्या डोक्यात रायफलशिवाय दुसरं काही नाही. त्याचं गाव कांबळवाडी राधानगरी तालुक्यातलं, म्हणजे आमच्या बाजूचंच, त्यामुळं घरात सगळ्यांनाच तो आपल्यातला वाटतो. आता शनिवार-रविवार मुलाला बेळगावला १० मीटरच्या रेंजवर घेऊन जाते. सर चांगले आहेत, मन लावून शिकवतात. पण सुट्टीदिवशी गर्दी झाली की माझा जीव वर-खाली होतो बघा. एक पालक पोराच्या पाठीला चिकटून "अजून वर, अजून वर" म्हणत उभे असतात, आणि परवा कॉलेजची दोन पोरं रायफल आमच्या दिशेनं धरून रील काढालीत, बोलले तर म्हणतात "काकू, छर्‍याची तर आहे, जत्रेत फुगे फोडतो तसली". सर तेव्हा दुसऱ्या टोकाला होते. मला बंदुकीतलं काय कळत नाही, तर मी तिथं बोलावं का? आणि मुलाला काय काय सांगून पाठवायचं?

दहा_पॉइंट_नऊ
ताई, बोला. त्यासाठी बंदुकीतलं कळायची गरज नाही, नळीचं तोंड टार्गेट सोडून कुठंही वळलेलं दिसलं की "स्टॉप" म्हणून मोठ्यानं ओरडायचं, रेंजवर हा हक्क सगळ्यांना असतो, नवख्या पोराला पण. ओरडल्यावर सगळे थांबतात, सर येतात, बास. खोटा अलार्म निघाला तरी कुणी रागावू नये.

जत्रेतली म्हणतात त्यांना सांगा की मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, डोळ्याला लागला तर डोळा गेला. ४.५ मिमी बोअर (नळीचं भोक) आणि २० ज्यूल ताकदीच्या आतल्या एअरगनला २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं लायसन्स लागत नाही, त्यामुळंच लोकांना ती खेळणं वाटते.

मुलाला पहिली सवय ही लावा की रायफलची केस म्हणजे पेटी उघडायची ती फायरिंग पॉइंटवरच, म्हणजे जिथून नेम धरतात तिथंच, नळी टार्गेटकडं करून. सेफ्टी फ्लॅग नळीत असलाच पाहिजे, ती रंगीत लांब दोरी पुढून मागून दिसली म्हणजे सगळ्यांना लांबूनच कळतं की आत छर्रा नाही. निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. "लोड" म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, "स्टॉप" म्हटलं की त्याच क्षणी थांबायचं, उरलेला एक मारून घेतो म्हणायचं नाही, छर्रा नळीत राहिला असेल तर रायफल तशीच पुढं धरून हात वर करायचा आणि सरांना सांगायचं. ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव, तो पण विचारूनच. आणि कागदाचं टार्गेट बदलायला लाइनच्या पुढं जायचं ते सगळ्यांच्या रायफली रिकाम्या होऊन खाली ठेवल्या आणि सरांनी हो म्हटलं की मगच, आपली एकट्याची रिकामी आहे म्हणून उपयोग नाही.

दुसऱ्याच्या रायफलला न विचारता हात लावू नये हे पण सांगा. चीकपीस (गाल टेकायचा भाग), साइट (नेम धरायची), बटप्लेट (खांद्याला लागणारा मागचा भाग) सगळं त्या शूटरच्या अंगाला बसवलेलं असतं, एक स्क्रू फिरला तर त्याची आठवड्याची मेहनत जाते. एअर रायफलच्या टार्गेटचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे ताई, तिथं मागून कुणी खुर्ची ओढली तरी नऊ लागतो, मग ते "अजून वर" म्हणणारे पालक पोराचं नुकसानच करालेत की.

फौजी_खानापूर
वरच्या भावानं बरोबर लिहिलंय. आम्ही पलटणीत होतो तेव्हा फायरिंग चालू असली की रेंजवर लाल झेंडा, आणि संपल्यावर "निरीक्षण के लिए बाएँ शस्त्र" हुकूम झाला की प्रत्येकाची रायफल उघडून बघितल्याशिवाय कुणी जागा सोडत नव्हतं. वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार असला तरी त्याची पण बघायची. त्यात अपमान कसला? हातात घेतली की आधी उघडून बघायची, दुसऱ्याला देताना उघडून दाखवून द्यायची, त्यानं दाखवली तरी आपण परत बघायची. "रिकामी आहे" असं म्हणतच लोकांचा घात झालाय. पोराला घरी सुद्धा हीच सवय लावा, पाहुणे आले म्हणून रायफल काढून दाखवायची नाही.

चिकोडी_पालक
सगळं पटतं पण एक बोलू का, आपल्याकडं आधीच या खेळाला पोरं कमी, खर्च जास्त. नुसतं हे करू नको ते करू नको केलं तर नवीन पोरं घाबरून पळतील. फोटो काढला, घरच्यांना पाठवला, तर पोराला हुरूप येतो. मोबाईल बंदच करा म्हणणं मला तरी जास्त वाटतं.

दहा_पॉइंट_नऊ
दादा फोटो काढा की, पण फायरिंग संपल्यावर, रायफल रिकामी, फ्लॅग आत, नळी टार्गेटकडं. फ्लॅश तर मॅचमध्ये पण चालत नाही. आणि पोरं पळत नाहीत हो, मी बघतोय, ज्या रेंजवर शिस्त आहे तिथंच पालक मुलींना पण बिनघोर सोडतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये गोल्ड घेतलं, त्यांच्यानंतर आपल्या भागातल्या आया स्वतःहून पोरींना घेऊन याला लागल्यात. एक अपघात झाला तर ते सगळं बंद होईल, ही माझी खरी भीती आहे.

मावशी_शहापूर
एक राहिलं. छर्रे शिशाचे असतात. माझी मुलगी शिकायली तेव्हा पोरं एका हातानं छर्रे भरून त्याच हातानं बिस्किट खायची, मी तिथल्या तिथं बंद केलं. रेंजवर खाणं-पिणं नको, बाहेर आलं की साबणानं हात धुवायचे मगच डबा, छर्रे तोंडात धरायची काहींना सवय असते ती तर अजिबात नको. लहान भावंडांना छर्रे खेळायला देऊ नका.

निपाणीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी त्या रीलवाल्या पोरांबद्दल सरांना सांगितलं, सरांनी आता पालकांसाठी मागं पट्टी मारून खुर्च्या लावल्यात आणि फोन बाहेर ठेवायला सांगितलंय. अजून एक विचारते, पुढच्या महिन्यात कोल्हापूरला मॅच आहे, एसटीनं जाणार, कोगनोळी नाक्यावर बॅग बघितली तर?

फौजी_खानापूर
ताई, रायफल केसमध्ये कुलूप लावून, छर्रे वेगळ्या पिशवीत. खरेदीचं बिल, पोराचं आधार आणि क्लबचं कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा. कुणी विचारलं तर आधी कागद दाखवा, पोलिसांनी सांगितल्याशिवाय केस उघडू नका आणि स्टँडवर तर मुळीच नाही. कंडक्टरला पण चढतानाच सांगून ठेवा.