कंपनीचा लीगल विभाग आणि बाहेरचे वकील: सूत्रं कोणाच्या हातात हवीत?

चाकणचा लीगलवाला

खर्चकपातीची मीटिंग लागली की मध्यम आकाराच्या कंपन्यांत हा प्रश्न हमखास निघतो. घरात लीगल विभाग पोसतोय, मग बाहेरच्या वकिलांची एवढी बिलं कशाला? नाहीतर त्याच्या उलट: सगळं बाहेरच द्यायचंय तर घरात माणसं कशाला? मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लीगल सांभाळतो. माझं मत असं की दोघंही लागतात, पण सूत्रं घरातल्या माणसाकडेच हवीत.

कोर्टात उभं राहणं बाहेरच्याचंच काम, त्यात वाद नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते. वकीलपत्र माझ्या नावाने लागूच शकत नाही. पण बऱ्याच केसेस कोर्टात पोचायच्या आधी कंपनीच्या गेटवरच बिघडतात. समन्स सिक्युरिटी केबिनमध्ये येतं, आवक रजिस्टरला नोंद होते, गोल शिक्का पडतो आणि पाकीट ॲडमिनच्या ट्रेमध्ये जातं. वादी जुना व्हेंडर, म्हणून तिथून परचेसकडे. परचेसवाला म्हणतो, "थांबा, मी बोलून मिटवतो." इकडे कमर्शियल (व्यापारी व्यवहाराच्या) दाव्यात कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला ३० दिवस, कोर्टाने मुदत वाढवून दिली तरी समन्स बजावल्यापासून जास्तीत जास्त १२०. त्यानंतर कैफियत देण्याचा हक्कच जातो. चमणकर इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये हे स्पष्ट करून टाकलंय. चेक न वटल्याच्या नोटिशीचंही तसंच: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवस. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो अकाउंट्सच्या फाईलला लागून राहिला तर बाहेरच्या वकिलाला कसं कळणार?

शिक्क्याची तारीख बघून परचेसच्या टेबलावरून कागद उचलून आणणारा माणूस घरातलाच लागतो. ज्याला आतलं सगळं माहीत, त्यानेच वकील निवडावा, सूचना द्याव्यात, बिल तपासावं.

शिवाजीनगर कोर्ट

सहमत नाही. तारखा सांभाळायला लीगल विभाग हवा, हे शंभर टक्के मान्य. पण "सूत्रं" म्हणता तिथे गाडी अडते.

मी बाहेरचा वकील. माझ्याकडे कंपन्यांची ब्रीफ (केसची माहिती आणि कागद) येते ती गाळून आलेली असते. "माल निकृष्ट होता, म्हणून पैसे रोखले," एवढंच लिहिलेलं. त्यावर कैफियत जाते, मुद्दे निघतात, पुरावा सुरू होतो. मग स्टोअर्सचा माणूस पिंजऱ्यात उभा असताना समोरचे वकील जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) पुढे करतात. माल आला त्या दिवसाची, "तपासून घेतला" असा शेरा, खाली सही. "ही सही तुमचीच ना?" तो माझ्याकडे बघतो, आणि तो कागद मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत असतो. रिजेक्शन नोट (माल नाकारल्याचा कागद) तीन महिन्यांनी, पेमेंटचा तगादा सुरू झाल्यावर काढलेली. लीगल हेडला हे ठाऊक होतं का? बहुतेक वेळा असतं. पण वर एमडी बसलेले असतात, आणि त्यांना न आवडणारी गोष्ट कागदावर कोण आणणार?

नोकरीतल्या माणसाने मालकाला "ही केस उभी राहत नाही, मिटवा" म्हणणं अवघड असतं. मला ते सांगता येतं, कारण उद्या तुमचं काम गेलं तरी माझं ऑफिस चालू राहतं. हे स्वातंत्र्य हवं म्हणूनच तर तुम्ही फी देता, आणि मग तेच गाळणीतून गाळून घेता.

भोसरीचा कारखानदार

माझं छोटं मशीन शॉप आहे, पगारी वकील परवडत नाही. मी या भांडणाच्या दुसऱ्या टोकाला असतो, व्हेंडर म्हणून. एमएसएमई (छोट्या-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे आमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. एका मोठ्या कंपनीचा लीगल विभाग माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर पाठवत राहिला, पैसे मात्र नाहीत. याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा माझ्या बाजूने लागला. त्याला आव्हान द्यायचं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, हे त्यांना त्यांच्या बाहेरच्या वकिलाने सांगितलं आणि मग आठवड्याभरात तडजोडीचा फोन आला. घरातल्या माणसाने हे आधी का नाही सांगितलं? माझं मत वकीलसाहेबांना.

सीएस (कंपनी सेक्रेटरी) नाशिक

एक मुद्दा राहतोय, आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गोपनीयतेला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. पगारी वकिलाला ते मिळत नाही, असं सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात म्हटलंय. कंपनीच्या बाहेरच्या कायदा सल्लागाराशी झालेल्या संवादाला कलम १३४ चं संरक्षण मिळतं, पण कंपनी आणि तिचा पगारी वकील यांच्यातल्या संवादाला नाही. युरोपातही स्पर्धा कायद्याच्या चौकशांपुरती हीच भूमिका आहे; ॲक्झो नोबेल कंपनीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ती कायम ठेवली.

म्हणजे एमडींनी लीगल हेडला "यात आपली चूक आहे का?" असा मेल टाकला आणि त्याने प्रामाणिक उत्तर दिलं, तर तो मेल उद्या मागितला जाऊ शकतो. नुसतं सीसीत वकिलाचं नाव घालून भागेल असं समजू नका. जिथे चौकशी किंवा फौजदारीची शक्यता आहे तिथे मत पहिल्या दिवसापासून बाहेरून घ्या.

चाकणचा लीगलवाला

सीएस मॅडम, तुमचा मुद्दा मान्य. अंतर्गत चौकशी बाहेर द्यायला हवी, आणि त्याबाबत मी मत बदलतो. वकीलसाहेब, जीआरएनचंही पटलं. ब्रीफसोबत मूळ फाईल, रिजेक्शन नोटसकट, गेलीच पाहिजे.

पण तडजोडीचं काय? तातडीचा दिलासा नको असेल तर कमर्शियल दाव्याआधी मध्यस्थी करावीच लागते, २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानंतर तर पळवाटच नाही. मध्यस्थाच्या टेबलावर कुठल्या आकड्याला हो म्हणायचं, हे त्या व्हेंडरकडून पुढच्या मॉडेलचे पार्ट घ्यायचेत की नाही यावर ठरतं. तो तुटला तर लाईन थांबेल का, डाय (पार्ट बनवायचा साचा) कोणाच्या ताब्यात आहे, हे बाहेरचा वकील कसं तोलणार? म्हणून म्हणतो, सूत्रं आतच हवीत.

शिवाजीनगर कोर्ट

आकडा तुमचा, त्यात मी पडत नाही. पण साक्षीला कोण जाणार आणि कैफियतीत काय कबूल करायचं, हे माझं. ज्याची सही कागदावर आहे त्याच्याशी मी एकट्याने बोलणार, लीगल हेड खोलीत नको. नेमणूकपत्रात एवढं लिहून देता?

चाकणचा लीगलवाला

पहिली दोन लिहून देतो. एकट्याने बोलण्याला आमचा एचआर तयार होणार नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. स्टोअर्सचा माणूस घाबरून नको ते बोलला तर नंतर त्याच्या पाठीशी मलाच उभं राहायचंय.

शिवाजीनगर कोर्ट

तो घाबरतो ते तुम्ही खोलीत असता म्हणून. या अटीवर मी मागे येणार नाही.