नादकाटा कपाटात, मोबाइल खिशात: ध्वनीचे प्रयोग फोनवर घ्यावेत का?

खडूधारी
ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बारावीच्या एका बॅचला २० मुलं आणि आवाजाचा वेग काढायची रेझोनन्स ट्यूब (पाणी भरलेली उभी नळी) एक, तिचीही रबरी नळी गळते. नादकाटे, म्हणजे ठोकल्यावर एकच सूर देणारे धातूचे दुहेरी काटे, कपाटात, कपाटाची किल्ली लॅब असिस्टंटकडे. एक जण नादकाटा रबरी ठोकळ्यावर आपटतो, दुसरा पाण्याची पातळी खाली-वर करतो आणि उरलेले १८ जण त्या दोघांच्या वहीतले आकडे उतरवून घेतात.

परवा वैतागून बॅच कॉरिडॉरमध्ये काढली. फायफॉक्स नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठातलं, २०१६ पासून उपलब्ध. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे: एका आवाजाला सुरू, पुढच्या आवाजाला बंद. दोन फोन ५ मीटरवर ठेवले. पहिल्या फोनजवळ एकीने टाळी वाजवली, मग दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने. पहिली टाळी लांबच्या फोनला उशिरा पोचते, दुसरी टाळी अलीकडच्या फोनला उशिरा. म्हणजे दोन घड्याळांतला फरक हा आवाजाला १० मीटर जायला लागणारा वेळ. आम्हाला ०.०२९ सेकंद मिळाला. भागा: सुमारे ३४५ मीटर प्रति सेकंद. चार फोन जमले होते, घंटा व्हायच्या आत विसाही जणांचे हात लागले.

माझं म्हणणं, जर्नलमधला प्रयोग असाच घ्यावा. स्टाफरूममध्ये "आज लॅबमध्ये मोबाइल, उद्या परीक्षेतही द्या" एवढंच ऐकायला मिळालं. इथे जरा बरे प्रतिवाद मिळतील म्हणून धागा काढतोय.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
घ्या प्रतिवाद. तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली आहे.

३४५ आलं, छान. पण मुलांना काय कळलं? फोनला ३४५ माहीत आहे, एवढंच. रेझोनन्स ट्यूबमध्ये ५१२ हर्ट्झचा नादकाटा तोंडाशी धरून पाणी उतरवत जा. काही नाही, काही नाही, आणि १६ सेंटिमीटरच्या आसपास नळी एकदम गायला लागते, हाच रेझोनन्स. पोरं दचकतात. आणखी उतरवा, ५०च्या सुमाराला पुन्हा तेच. दोन लांबींतला फरक म्हणजे अर्धी तरंगलांबी, नळीच्या तोंडाशी होणारी चूक आपोआप वजा होते. सोनोमीटरच्या, म्हणजे पेटीवर ताणलेल्या तारेवर ठेवलेला कागदाचा तुकडा, रायडर, टुणकन उडतो तेव्हाही तसंच. तो उडालेला कागद डोळ्यांनी पाहिलेला मुलगा रेझोनन्स जन्मात विसरत नाही. स्क्रीनवरचा आकडा संध्याकाळपर्यंत विसरतो.

आणि नळी गळते तर नळी बदला की! वीतभर रबरी नळी, त्यासाठी जर्मनीला कशाला जायचं?

खडूधारी
सर, नळीसाठी मागणीपत्र दिलंय. दोन वर्षं झाली.

तुम्ही सांगता तो दचकण्याचा क्षण खरा आहे, पण तो नळीपाशी उभ्या असलेल्या दोघांचा. बाकीचे रीडिंग जुळवतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. नादकाट्यावर ५१२ कोरलेलं, उत्तर पुस्तकात छापलेलं, मधला गणिताचा रस्ता उलटा चालायचा. माझ्याकडे एका वर्षी अख्ख्या बॅचचं पहिलं रेझोनन्स १६.२ला होतं. मिलिमीटरचाही फरक नाही.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
जुळवणारा फोनवरही जुळवेल. वही निदान हाताने उतरवावी लागते, स्क्रीनशॉट तर नुसता फॉरवर्ड होतो.

कच्चा सिग्नल
इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, म्हणून मध्ये पडतो. तुम्ही दोघं "फोन" म्हणून एकच वस्तू धरून भांडताय. फोन वेळ मोजतो, वारंवारता मोजतो आणि आवाजाची पातळीही मोजतो असं म्हणतो. पहिल्या दोन गोष्टींवर भरवसा ठेवा, कारण त्या आतल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतात आणि ते घड्याळ तुमच्या हातातल्या स्टॉपवॉचच्या कैक पटींनी नेमकं. तिसऱ्या गोष्टीवर मात्र बिलकूल नको. फोनचा माइक माणसाचं बोलणं स्पष्ट जावं म्हणून बसवलेला असतो: हळू आवाज वाढवतो, मोठा दाबतो, सतत चालणारी घरघर गोंगाट समजून पुसून टाकतो. काही अ‍ॅप ही कारागिरी बंद करायला सांगतात, पण ते ऐकायचं की नाही हे फोन ठरवतो.

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीतल्या मुलांनी डेसिबलचा प्रकल्प केला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन फोनांत ६ डेसिबलचा फरक! एका फोनवर मंडळ निर्दोष, दुसऱ्यावर गुन्हेगार. मुलांनी अर्थातच सोयीचा फोन निवडला.

वारंवारतेतही एक खोच आहे. अ‍ॅप सेकंदाला ४८,००० नमुने घेतं आणि वारंवारतेचा आलेख काढायला एका वेळी ४,०९६ वापरतं, असं धरा. मग आलेखावरची दोन शेजारची घरं ११.७ हर्ट्झ लांब. मुलं मात्र जर्नलमध्ये ५१४.३७ लिहितात. नमुने ३२,७६८ केले तर घर दीड हर्ट्झचं होतं, पण मग सूर दोन तृतीयांश सेकंद टिकवावा लागतो. हे ज्याने शिकवलं त्याने फिजिक्स शिकवलं, मग हातात फोन असो की नळी.

बारावीची आई
अभ्यासासाठी फोन, क्लाससाठी फोन, आता प्रॅक्टिकललाही फोन. रात्री काढून घ्यायचा कसा ते एकदा सांगा. आणि माझ्या मुलीच्या वर्गात तीन मुलींकडे स्वतःचा फोन नाही, घरी भावाकडे आहे. त्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या का?

खडूधारी
ताई, दुसरा मुद्दा बिनतोड. म्हणूनच गटाला दोनच फोन, तेही वर्गाचे म्हणून टेबलावर. माझा जुना फोन कायमचा लॅबला दिलाय, सिमशिवाय. पहिल्या मुद्द्यावर मीही बाप आहे, उपाय नाही.

ठेका
तबला शिकवतो, फिजिक्स बारावीपर्यंतच. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून ढोलाला पक्का सूर नसतो. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईमुळे ते दुप्पट, तिप्पट असे ओळीत येऊन बसतात. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० साली हे 'नेचर'मध्ये मांडलं. मी फोनवर स्पेक्ट्रम (आवाजातले सूर वेगवेगळे दाखवणारा आलेख) लावून दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, वाजवला आणि सारख्या अंतरावरची शिखरं पाहून अंगावर काटा आला. तीस वर्षं हातोडीने जे कानाने लावत आलो ते असं दिसतं होय! खुल्या थापेला आणि 'ना'ला शिखरांची उंची वेगळी. मुलांना आता बोल आधी ऐकवतो, मग दाखवतो.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
'आधी ऐकवतो' हे महत्त्वाचं, त्याबद्दल नमस्कार. आणि रामन यांनी चामड्यावर बारीक वाळू पसरून तिच्या आकृत्या टिपल्या होत्या. फोन नव्हता.

कच्चा सिग्नल
सर, असता तर त्यांनी पहिल्याच दिवशी उघडून पाहिला असता.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
उघडून, हो. नुसता वापरून नव्हे. बरं खडूधारी, तुमच्या ३४५कडे वळू. शून्य अंशाला ३३१.३, पुढे दर अंशाला ०.६ वाढ. तुमच्या उत्तराला तापमान २३च्या आत हवं. कॉरिडॉरमध्ये किती होतं?

खडूधारी
घाम पुसत होतो. ३२ तरी असेल.

जुना डेमॉन्स्ट्रेटर
मग ३५१ यायला हवं होतं. पुस्तकातल्याच्या जवळ आलं म्हणून तुम्ही खूश झालात. जुळवाजुळवी मुलंच करतात असं नाही.

कच्चा सिग्नल
सरांचा षटकार. पण चूक फोनची नाही. तीनच दशांश घेतलेत, म्हणजे ०.०२८५ ते ०.०२९५ मधलं काहीही. वेग ३३९ ते ३५१ कुठेही बसतो. अंतर २० मीटर करा आणि मिलिसेकंदाच्या पुढचा आकडा गाळू नका, मग २३ आणि ३२ वेगळे दिसतील.

खडूधारी
मान्य. सोमवारी पुन्हा, मैदानावर, २० मीटर, थर्मामीटरसकट.

खडूधारी
सोमवारचा अहवाल: अंतर झालं, टाळ्या झाल्या, चार दशांशही झाले. थर्मामीटर कपाटात आहे. किल्ली असिस्टंटकडे, असिस्टंट इलेक्शन ड्युटीवर.