एका इनिंगचा माणूस थोर कसा?

पहिलीबाजू:
२०२५ मध्ये कोरियाचा बेसबॉलपटू ओ सुंग-ह्वान निवृत्त झाला आणि त्याच्या क्लबने, सॅमसंग लायन्सने, त्याचा २१ नंबर कायमचा काढून ठेवला. त्या क्लबने हा मान याआधी तिघांनाच दिला होता: ली मान-सू, यांग जुन-ह्योक आणि ली सुंग-योप. तिघेही बॅटीवर नाव कमावलेले. पहिल्यांदाच पिचरची (चेंडू टाकणाऱ्याची) पाळी आली, आणि निवडला कोण, तर एक इनिंगवाला!

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. सामना नऊ इनिंगचा. ओसारखा क्लोजर, म्हणजे शेवट सांभाळणारा पिचर, बहुतेक वेळा नवव्या इनिंगला येतो, तीन जण बाद करतो आणि हस्तांदोलन करून निघतो. तीन धावांची आघाडी हातात असताना त्याने दोन धावा दिल्या तरी 'सेव्ह' त्याच्या नावावर लागते. ओच्या अशा सेव्ह कोरियात ४२७, जपानमध्ये ८०, अमेरिकेत ४२, एकूण ५४९. आकडा दांडगा आहे, नाही म्हणत नाही. पण स्टार्टरने (सामना सुरू करणाऱ्या पिचरने) सहा-सात इनिंग घाम गाळायचा आणि नाव याचं? स्वयंपाक एकाने करायचा आणि दक्षिणा तूप वाढणाऱ्याला!

जुना कोरियन पिचर सन दोंग-योल बघा. कोरियन लीगमध्ये १४६ विजय आणि वर १३२ सेव्ह, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) १.२०. त्याने स्वयंपाकही केला आणि तूपही वाढलं.

देगूकर:
२०२१ मध्ये नोकरीसाठी देगूत, लायन्सच्या गावी, होतो. कोविडमुळे बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, ओरडायला बंदी, नुसत्या टाळ्या वाजवायच्या. ओ तेव्हा ३९ वर्षांचा, आणि त्या मोसमात ४४ सेव्ह. नवव्या इनिंगला तो बुलपेनमधून (राखीव पिचर थांबतात त्या जागेतून) निघाला की माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा पिशवी भरायला घ्यायचे. चेंडू पडायच्या आधीच. त्यांच्या लेखी सामना संपलेला असायचा. चेहऱ्यावर रेष हलत नाही म्हणून त्याला तिकडे 'दोलबुचो', म्हणजे दगडी बुद्ध म्हणतात.

आणि तो नुसता तूपवाढ्या नव्हता हो. २००५ ला नवा आला तेव्हा १० विजय, ११ होल्ड, १६ सेव्ह. (होल्ड म्हणजे मधेच येऊन आघाडी राखून पुढच्याच्या हाती देणं.) मिळेल तिथे टाकला, पडेल ते काम केलं. त्याच वर्षी कोरियन सीरीजचा, म्हणजे लीगच्या अंतिम मालिकेचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू).

आकडेमोड्या:
पहिलीबाजूंशी सहमत. २००८ ची बीजिंग ऑलिम्पिकची फायनल आठवा. कोरिया ३, क्युबा २. नववी इनिंग, एक बाद, तिन्ही बेस भरलेले, आणि कॅचर कांग मिन-हो पंचांशी वाद घालून बाहेर काढलेला. तोवर सव्वाआठच्या वर इनिंग टाकलेल्या कोरियाच्या पिचरला, र्यू ह्यॉन-जिनला, बाहेर घेतलं. आत कोण आलं? ओ संघात होता, पण आला जोंग दे-ह्यॉन, कमरेखालून टाकणारा. क्युबाच्या गुरिएलचा फटका शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे, एका चेंडूत दोन बाद, सुवर्णपदक. प्रसंग याला म्हणतात. तीन धावांची आघाडी आणि बेस रिकामे, हा कसला प्रसंग?

देगूकर:
तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय की! र्यूने जवळजवळ अख्खा सामना ओढला, तरी सोनं दुसऱ्याच्या हातून आलं. म्हणजे शेवटच्या दोन बादची किंमत पहिल्या दोनइतकीच नसते. टी-२० मध्ये एकोणिसावी ओव्हर बुमराला का राखून ठेवतात?

पहिलीबाजू:
बुमरा पॉवरप्लेमध्येही टाकतो, आणि कसोटीत दिवसभर टाकतो! उपमा जरा जपून. पण बीजिंगचा मुद्दा लागला, मान्य. माझं भांडण रिलिव्हरशी (मागून येणाऱ्या पिचरशी) नाही, 'सेव्ह' या मोजपट्टीशी आहे. जोंगचं नाव किती जणांना आठवतं?

निवांत_नाना:
मग सेव्ह बाजूला ठेवा. २०११ चा ईआरए ०.६३. २०१६ ला अमेरिकेत सेंट लुई कार्डिनल्सकडे गेला तेव्हा ३४ च्या घरात होता. ७६ सामने, ८० ला जरा कमी इनिंग, १०३ जण स्ट्राइकआउट, ईआरए १.९२. सुरुवातीला क्लोजरही नव्हता, मधल्या इनिंग टाकत होता. जागा चालून आली ती मोसमाच्या मध्यात. हे कसले सोपे प्रसंग?

मला खटकतं ते वेगळंच. मकावमधल्या जुगाराबद्दल त्याला दंड झाला आणि कोरियन लीगने ७२ सामन्यांची बंदी घातली, कोरियात परत आला तर भोगायची. परतला २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कोपराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. ४२ सामने त्या मोसमात गेले, ३० पुढच्या. म्हणजे एरवीही ज्यातले बरेचसे सामने टाकता आलेच नसते, तेच शिक्षेत जमा! आजारी रजेत निलंबन उरकण्यातला प्रकार.

आकडेमोड्या:
+१. हा मुद्दा धाग्यात आधीच यायला हवा होता.

देगूकर:
नियमात बसलं ते केलं. दोष नियम लिहिणाऱ्यांचा. बंदी 'तंदुरुस्त झाल्यापासून' धरा असं लिहायला कोणी अडवलं होतं?

पहिलीबाजू:
इथे मी चक्क देगूकरांच्या बाजूने. पण नंबर काढून ठेवताना क्लबने हेही तराजूत घालायला हवं होतं.

देगूकर:
घातलं नसेल कशावरून? त्याने बाकी कसलीच मेहेरबानी घेतली नाही. २०२४ ला २७ सेव्ह होत्या, पण मोसमाच्या उत्तरार्धात मार बसायला लागला, क्लोजरची जागा गेली, आणि लायन्स कोरियन सीरीजला पोचले तेव्हा संघाच्या यादीत हा नव्हता. बेचाळीसाव्या वर्षी. २०२५ मध्ये एकही सेव्ह नाही. ५५० ला एक कमी राहिली. तीन धावांची आघाडी असलेली एखादी सोपी नववी इनिंग, पहिलीबाजू म्हणतात तशी, त्याच्यासाठी कोणी काढून ठेवली नाही.

पहिलीबाजू:
हं. ते ५४९ आता जरा वेगळे वाटतात. पण सन दोंग-योलवर मी अजून ठाम आहे.