दाढीचा साबण की क्रीम? वडीवाल्यांनी मला पटवून दाखवावं

घाईगडबड: ब्रश आणि क्रीमची ट्यूब यांच्यावर माझं वर्षानुवर्षं सुखात चाललं होतं. मध्यंतरी हौस म्हणून दाढीच्या साबणाची वडी आणली. पंधरा दिवस वापरून मत पक्कं झालंय, हा निव्वळ लाड आहे. आधी वडीवर ब्रश घासा, मग वाडग्यात घोटा, मग गालावर घोटा. एवढं करून दुसऱ्या गालापर्यंत पोचेतो पहिल्यावरचा फेस वाळलेला. क्रीम बदामाएवढं घेतलं की मिनिटभरात दाट फेस. रेझर तोच, ब्लेड तेच, दाढीही तितकीच गुळगुळीत. मग साबणात आहे काय?

फेसाळ: फेस वाळतोय म्हणजे साबण कमी उचलताय. नवशिके ब्रश वडीवर चारदा फिरवतात आणि मग वाडग्यात बुडबुडे काढत बसतात. ब्रश झटकून घ्या, अर्धा मिनिट तरी वडीवर फिरवा, केसांवर लगदा जमला पाहिजे. मग पाणी थेंबाथेंबानं. फेस घोटलेल्या दह्यासारखा चकाकला की थांबा. मोठे बुडबुडे दिसले तर तो फेस नाही, हवा आहे.

घाईगडबड: हे सगळं सकाळी, एक डोळा घड्याळावर ठेवून?

फेसाळ: तो वेळ फुकट जात नाही हो. केसात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि भिजलेला केस कापायला जोर बराच कमी लागतो. साबण तुम्हाला तेवढं थांबायला लावतो.

तिरकस: क्रीम लावूनही तीन मिनिटं थांबता येतं. कोणी अडवलंय?

स्टिअरिकराव: भांडताय ते सख्खे भाऊ आहेत. दोन्हींचा कणा स्टिअरिक आम्लाचा, म्हणजे तेला-चरबीतून मिळणाऱ्या एका आम्लाचा. सोडियम हायड्रॉक्साइडनं केलेला साबण कडक होतो, पोटॅशियमवाला मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा. दाढीच्या वडीत बहुधा दोन्ही असतात, फेस काढणाऱ्या क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियमवाला, वर भरपूर पाणी. म्हणजे क्रीममध्ये घोटण्याचं अर्धं काम कारखान्यात उरकलेलं असतं, आणि ट्यूबमधलं ते पाणी आपण विकत घेतो. वडी जास्त दिवस पुरते ती त्यामुळेच.

पण घाईगडबड, मला तुमच्या पाण्याचा संशय येतोय. नळाला, बादलीला पांढरा थर धरतो का?

घाईगडबड: धरतो की. बादली मुळात निळी होती हे आता सांगावं लागतं.

स्टिअरिकराव: मग झालं. शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन' पाणी ते हेच. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला धरून साका बनवतं, तेवढा साबण फुकट. उरलेल्याचाच फेस होतो. क्रीमचाही बळी जातो, पण ते तुम्ही सढळ हातानं घेता म्हणून कळत नाही. एकदा कपभर डिस्टिल्ड पाण्यात ब्रश भिजवून त्यातच घोटून बघा.

कोरडा गाल: माझ्या गालाला दोन्ही झोंबतात. ब्रश न लागणारं, फेस न होणारं क्रीम लावतो. दिसायला काहीच भारी नाही, पण आग थांबली.

स्टिअरिकराव: शक्य आहे. साबण काय, फेसाचं क्रीम काय, दोन्ही अल्कधर्मीच. त्वचा किंचित आम्लधर्मी. बऱ्याचदा खरा त्रास वासाचा असतो, बिनवासाचं एकदा वापरून पाहा.

तिरकस: प्रवासाचा मुद्दा राहिला. ट्यूबचं टोपण बॅगेत निघालं होतं, एका शर्टाची उत्तम दाढी झाली. तेव्हापासून साबणाची कांडी नेतो. ओली डबीत ठेवली की बुळबुळीत होते, तेवढं सोसायचं.

घाईगडबड: चार दिवस डिस्टिल्ड पाण्यावर काढले. क्रीमचा फेस कमालीचा सुधारला. बदामाऐवजी वाटाण्याएवढं पुरतंय!

फेसाळ: आणि साबणाचं काय झालं, ते शिताफीनं गाळलंत.

घाईगडबड: ...झाला चांगला. शेवटच्या हातापर्यंत टिकला. पण वडी फक्त सुट्टीच्या दिवशी, आणि हे मी नाइलाजानं लिहितोय.