विहारातले उरलेले मेण आणि घरच्या मेणबत्त्या : आपले अनुभव लिहा

धागाकर्ता, उमरेड तालुका

१४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवसांनंतर आमच्या गावच्या विहारातील कट्ट्यावर मेणाचा जाड थर साचतो. पूर्वी तो खरवडून उकिरड्यावर टाकला जात असे. गेल्या वर्षापासून मी आणि वहिनी तो तेलाच्या रिकाम्या पिंपात जमा करतो. पहिल्या खेपेस मेण वितळवले तेव्हा त्यात काड्यापेटीच्या काड्या, उदबत्तीची राख, झेंडूच्या पाकळ्या असे सर्व काही निघाले, म्हणून जुन्या धोतराची दुहेरी घडी करून ते गाळून घेतले. मेणबत्त्या दिसायला सुबक झाल्या, परंतु पेटवल्यावर पाच-सात मिनिटांतच ज्योत वितळलेल्या मेणाच्या डबक्यात बुडून विझली. मेण वितळवणे कोणालाही जमते, अडते ते वातीपाशी, असे माझे मत झाले आहे. ज्यांनी हा उद्योग करून पाहिला असेल त्यांनी आपले अनुभव लिहावेत, आणि फसलेले प्रयोग आधी लिहावेत.

घाटंजीकडील एक कापूस उत्पादक

भाऊ, तुम्ही शिवणाचा दोरा वापरला असणार. तो इतका बारीक असतो की जेवढे मेण वितळते तेवढे तो वर ओढू शकत नाही, म्हणून डबके साचते. मी याच्या उलट चूक केली होती. घरचाच कापूस, तेव्हा समईसाठी वळतो तशी जाड वात वळून घातली. ज्योत वीतभर उंच गेली आणि देवळीची भिंत काळी झाली. समईची वात आपण अधूनमधून पुढे सारतो आणि तिची काजळी झाडतो, मेणबत्तीच्या वातीला मात्र हे काम स्वतःच करावे लागते. तीन पदरी वेणी घातलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येते आणि तेथे पूर्ण जळून जाते. ही वेणीची वात फ्रान्समध्ये कांबासेरेस यांनी १८२५ च्या सुमारास आणली. त्याआधी मेणबत्तीची वात कात्रीने सारखी कातरावी लागत असे. मी गोधडीच्या सुती दोऱ्याची वेणी घालते, टाकणखार आणि थोडे मीठ घातलेल्या कोमट पाण्यात ती रात्रभर भिजवते, दोन दिवस वाळवते आणि मग वितळलेल्या मेणात बुडवून ताठ करून ठेवते. दोऱ्यात नायलॉन नाही ना, हे एक धागा जाळून पाहावे. गोळी झाली तर तो दोरा टाकून द्यावा.

एक गृहिणी, वाशिम जिल्हा

माझा अनुभव मेणबत्तीचा नसून आगीचा आहे. मेणाचा गंज थेट गॅसवर ठेवून मी दारात कोणाशी तरी बोलत राहिले. परतले तेव्हा आधी पांढरा धूर आणि पाहता पाहता जाळ. शेजारच्या मुलाने घाईघाईने तांब्याभर पाणी ओतले आणि जाळ छताला लागला. पाणी मेणापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाते, तापलेल्या मेणात त्याची क्षणात वाफ होते आणि ती पेटते मेण चहूकडे उडवते. अशा वेळी गॅस बंद करून गंजावर झाकण टाकायचे असते, हे मला हात भाजल्यावर समजले. आता मी मोठ्या गंजात पाणी घेऊन त्यात जर्मनचे लहान भगोणे ठेवते. मेण साधारण ६० अंशांच्या आसपास वितळते आणि पाणी १०० अंशांपुढे जात नाही, त्यामुळे मेण पेटण्याइतके तापतच नाही. फक्त पाणी आटू द्यायचे नाही. भांडे गरम असतानाच कागदाने पुसावे, मोरीत काहीही ओतू नये. आमची मोरी आठ दिवस तुंबली होती.

शिक्षक, गडचिरोली जिल्हा

साच्यासाठी आमच्या विद्यार्थ्यांनी पपईच्या पानाचा देठ सुचवला. तो आतून पोकळ असतो. खालचे तोंड चिखलाने बंद करायचे, मधून वात ताणून मेण ओतायचे आणि घट्ट झाल्यावर देठ सालीसारखा सोलून काढायचा. जाड मेणबत्तीसाठी बांबूचे कांडे उभे चिरून सायकलच्या ट्यूबने बांधतो. मेण थंड होताना आकसते आणि वातीभोवती खड्डा पडतो, म्हणून थोडे मेण राखून तो खड्डा दुसऱ्यांदा भरावा लागतो. पहिल्या वर्षी हे ठाऊक नसल्याने आमच्या सर्व मेणबत्त्या आतून पोकळ निघाल्या. रंगासाठी मुलांनी चित्रकलेचे खडू घातले, तेव्हा त्यातील रंगाचे कण वातीत अडकून ज्योत मिणमिणू लागली. मोहाच्या टोळीचे (म्हणजे बियांचे) तेल मिसळण्याचा प्रयोग माझा स्वतःचा होता. मेणबत्ती मऊ पडली, दोष मुलांचा नाही.

वरुडहून

संत्र्याच्या अर्ध्या सालीत मेण ओतून दिवे केले. पाहुण्यांनी कौतुक केले, तिसऱ्या दिवशी साली वाळून आकसल्या आणि मेण बाहेर आले. दिवाळीपुरते ठीक आहे.

अकोला जिल्हा, निवृत्त कर्मचारी

मे महिन्याचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे आश्चर्य वाटते. टिनाच्या छताखाली फळीवर उभ्या ठेवलेल्या माझ्या बावीस मेणबत्त्या दुपारपर्यंत नमस्कार केल्यासारख्या वाकल्या होत्या. मेण वितळण्याच्या बऱ्याच आधी मऊ पडते. किलोभर मेणात शंभर ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घातल्यापासून त्या कडक होतात आणि साच्यातूनही सहज सुटतात. तरीही उन्हाळ्यात मी त्या धान्याच्या कोठीत आडव्या ठेवतो.

धागाकर्ता

घाटंजीच्या ताईंचे म्हणणे खरे ठरले, दोरा शिवणाचाच होता. सूत कमी-जास्त घेऊन तीन जाडींच्या वेण्या घातल्या आणि एकाच मापाच्या तीन मेणबत्त्या शेजारी शेजारी लावल्या : बारीक वातीची बुडाली, जाड वातीची धुरकटली, मधली मात्र शेवटपर्यंत एकसारखी जळली. गाळल्यानंतर पिंपाच्या तळाशी राख आणि काड्यांचा काळपट गोळा उरला होता. तो फेकणार होतो, पण वहिनींनी त्यात भुसा कालवून लहान वड्या केल्या आहेत आणि पावसाळ्यात ओल्या लाकडांची चूल पेटवण्यासाठी राखून ठेवल्या आहेत.